टेंबेसाहेबांचे नारळ

टेंबेसाहेबांच्या केबिनमधलं स्टीलचं कपाट उघडलं की आधी नारळाचा वास सुटायचा. वरच्या खणात शाली, प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट घडी घातलेल्या. खालच्या खणात शेंडीवाले नारळ, शाळेच्या फोटोत पोरं बसवतात तसे रांगेनं बसवलेले. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात ते एचआरचे प्रमुख होते. मी समोरच्या टाइम ऑफिसात हजेरी बघायची. आमच्या दोघांच्या मध्ये एक काच. कित्येक वर्षं मला पुढच्या रांगेतून फुकट नाटक बघायला मिळालं, त्यामुळे या माणसाबद्दल माझी तशी काही तक्रार नाही.

इतर कारखान्यांत शाल आणि नारळ मिळतात निवृत्त होणाऱ्याला. आमच्याकडे ते मिळायचे तक्रार करणाऱ्या बाईला. एखादी पोरगी येऊन सांगायची की अमुक माणूस मशीन समजावताना अंगाला अंग लावतो, किंवा सुट्टीच्या दिवशी मेसेज टाकतो. साहेब डोळे मिटून ऐकायचे, मान हलवायचे, तिला चहा पाजायचे. मग पुढच्या आठवड्यात कँटीनमध्ये तिचा 'गुणवंत कर्मचारी' म्हणून सत्कार. शाल, नारळ, टाळ्या, फोटो. दुसऱ्या दिवशी तिची बदली पेंट शॉपला. ज्याच्याबद्दल तक्रार, तो टाळ्या वाजवून आपल्या जागेवर जाऊन बसायचा.

बायकांना ही पद्धत कळायला वेळ लागला नाही. कुणाच्या तरी सत्काराची घोषणा झाली की लाइनवर कुजबुज सुरू व्हायची, "हिला कोण नडला गं?" शाल कुणी पांघरत नसे आणि नारळ तर कुणी घरी नेतच नसे. घरी विचारलं, कशाबद्दल मिळाला, तर काय सांगणार? म्हणून कंपनीच्या बसमध्ये सीटखाली कायम एखादा नारळ गडगडत असायचा. मोशीच्या वळणावर तो इकडून तिकडे जायचा आणि सगळ्याजणी खिडकीबाहेर बघायच्या.

साहेबांचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं. "कंपनी म्हणजे कुटुंब." हे वाक्य ते भिंतीवर लावूनच थांबले नव्हते, त्यांनी ते अमलातही आणलं होतं. बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी त्यांनी कॅमेरा बसवला होता, कोण किती वेळ आत राहतं ते बघायला. एकीनं हरकत घेतली तर म्हणाले, "अहो, कुटुंबात काय लपवायचं?" तिला शाल मिळाली.

कायद्यानं अशा तक्रारींसाठी समिती लागते, तर साहेबांनी ती केली होती. अध्यक्ष म्हणून अकाउंट्समधल्या एक सौम्य बाई. त्या प्रत्येक बैठकीत स्वेटर विणायच्या. बाहेरची सदस्य म्हणून सामाजिक काम करणारी कुणीतरी हवी असते. साहेबांनी थेरगावातल्या आपल्या सोसायटीच्या भजनी मंडळाच्या प्रमुख आणल्या. आणि टाइम ऑफिसातून मी. बोलायचे मात्र एकटे साहेब.

पोलीस हा शब्द उच्चारला की त्यांच्या चेहऱ्यावर कुणीतरी ताटात केस दाखवावा तसा भाव यायचा. "सावंतबाई," ते मला म्हणायचे, "पोलीस म्हणजे कुऱ्हाड. आपल्याला नखं कापायची असतात." हे वाक्य अर्धं खरं होतं, म्हणून तर ते खपायचं. प्रत्येक आचरट शेऱ्यासाठी कुणाला चौकीत जायचं नसतं. कितीतरी जणींना एवढंच हवं असतं, की त्या माणसाला कुणीतरी गप्प करावं. पण नख कुठलं आणि हात कुठला, हे ठरवणार साहेब. आणि कापलं जायचं ते दर वेळी तक्रार करणारीचं.

प्रज्ञा आमच्याकडे तपासणी विभागात होती. काळेवाडीची. वडिलांची हयात पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर गेली होती, लेक डिप्लोमा करून आली होती. बोलायची कमी. सदोष माल दिसला की बोट ठेवून गप्प उभी राहायची, समोरच्याला लाज वाटेपर्यंत. एका दुपारी शिफ्ट सुटताना ती माझ्या टेबलाशी आली. हातात रुमाल आणि रुमालात, मेलेला उंदीर धरावा तसा, एक मोबाइल. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत कपाटांवर हातमोज्यांची खोकी ठेवलेली असतात. त्यांच्या फटीत तो उभा केला होता, कॅमेरा चालू. तो बंद केल्यावर पडद्यावर फोनच्या मालकाचाच फोटो आला होता. बुलेटवर बसलेला, गॉगल लावलेला विक्रांत, आमचा लाइन सुपरवायझर, कामगार पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा मेहुणा. चोरानं चोरीच्या जागी स्वतःचं आधार कार्ड ठेवून यावं तसला प्रकार.

"बाई, हा पोलिसांना द्यायचाय," ती म्हणाली.

काच ऐकते की काय कोण जाणे. साहेब बाहेर आले, रुमालातून फोन अलगद उचलला आणि हसले. "पोलीस? घरात उंदीर निघाला म्हणून कुणी अग्निशामक दल बोलावतं का?"

तासाभरात समितीची बैठक भरली. भजनी मंडळ आळंदीला गेलं होतं. अध्यक्षांनी विणकाम काढलं. साहेबांनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला. प्रत्येक सत्काराचं, प्रत्येक समेटाचं ते चित्रण करून घेत आणि पुण्याच्या ऑफिसात मालकांना पाठवत, आपण किती घरं जोडली ते कळावं म्हणून. "आडवा धरा," ते मला म्हणाले. "आणि माझी उजवी बाजू घ्या." मी आडवा धरला. उजवी बाजू घेतली.

विक्रांत आला तो अर्धं हसतच. साहेबांनी त्याला कान धरायला लावले. "सॉरी प्रज्ञाताई," तो म्हणाला, "गंमत म्हणून ठेवला होता. चार-पाच वेळाच ठेवला." मग त्याचा अंगठा लावून साहेबांनी फोन उघडला आणि एकेक चित्रण मिटवायला घेतलं. मिटवण्याआधी ते प्रत्येक चित्रण बघत होते. कपाळावरचा चष्मा खाली घेऊन, नीट. खात्रीसाठी, असं म्हणाले. प्रज्ञा त्यांच्या समोर बसली होती. अध्यक्षांची सुई थांबली होती. मी फोन हलू दिला नाही.

"झालं," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, बघून हसले. "गैरसमज मिटला, कुटुंब वाचलं." विक्रांतचा फोन कपाटात टाकला आणि शालीची पिशवी फोडली.

प्रज्ञानं विचारलं, "तो व्हिडिओ कुणाकुणाला पाठवलाय, ते कसं कळणार?"

"अहो, मिटवला ना आता."

"इथला मिटवला. दुसरीकडे गेला असेल तो?"

साहेबांनी तिच्या खांद्यावर शाल टाकायला हात उचलले होते, ते तसेच राहिले. "विश्वास ठेवायला शिका," ते म्हणाले.

तिनं शाल हातात घेतली, घडी घातली, फाटक्या पिशवीत परत सरकवली आणि टेबलावर ठेवून निघून गेली. नारळाला तिनं हातही लावला नाही. साहेबांनी त्याच संध्याकाळी ते चित्रण समितीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'सामंजस्यानं प्रश्न मार्गी.' आणि हात जोडलेली तीन चित्रं.

पुढचे काही दिवस प्रज्ञा बसमध्ये उभी राहून यायची, रिकामी सीट असली तरी. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "बसलं की मागचा माणूस दिसत नाही, बाई. कुणी मोबाइल बघून हसला की वाटतं, त्यात मीच आहे. विक्रांतला शिक्षा झाली नाही तरी एक वेळ चालेल. पण तो व्हिडिओ कुठं कुठं गेलाय हे मला कळलं पाहिजे. ते टेंबेसाहेब शोधणार आहेत का?"

मी साहेबांनी ग्रुपवर टाकलेलं चित्रण तिला पाठवलं. समितीनं तक्रारदाराला कामकाजाची माहिती द्यायची असते, हे साहेबांनीच आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मग तिला माझ्या स्कूटरवर मागे बसवून चौकीत नेलं.

चौकीत जे हवालदार बसले होते ते जवळच्याच गावातले, वयस्कर. सगळं ऐकून त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "ताई, कंपनीत कमिटी आस्ती न्हाई का? तिथंच मिटवायचं आसतंय हे. हितं आलं की तारखा, कोर्ट. नाव तुमचंच खराब व्हतंय." मला वाटलं, साहेबांचाच खाकीतला भाऊ भेटला. इकडे म्हणतात तिकडे जा, तिकडे म्हणतात इकडे या, आणि बाई मधल्या रस्त्यावर उभी.

प्रज्ञानं चित्रण लावून मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला आणि पडद्यावर बोट ठेवून उभी राहिली. हवालदारांनी एकदा बघितलं. पान थुंकून आले आणि पुन्हा बघितलं. मग मोबाइल घेऊन आत गेले आणि फौजदार मॅडमना घेऊन बाहेर आले. मॅडम तरुण होत्या. एका जागी त्यांनी चित्र थांबवलं.

"हे चष्मेवाले कोण?"

मी म्हटलं, "आमचे एचआर प्रमुख."

"पुरावा मिटवतायत आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतायत?"

"त्यांना सवय आहे," मी म्हटलं.

गुन्हा नोंदवून घेतला गेला. त्याच दिवशी पोलीस कारखान्यात आले. विक्रांतचा फोन साहेबांच्या कपाटात सापडला, खालच्या खणात, नारळांच्या मागे. पंचनाम्यात लिहावं लागलं, 'सोबत शाली व नारळ, प्रयोजन विचारता समाधानकारक उत्तर नाही.' मी पंच म्हणून सही केली. माझी सही इतकी सुबक कधी आली नव्हती.

मिटवलेलं पुन्हा काढता येतं, पण त्याला महिने लागतात. ते महिने प्रज्ञानं उभ्यानं काढले. विक्रांत आधी आत गेला आणि मग जामिनावर बाहेर आला. कंत्राटदाराचे लोक एकदा काळेवाडीत घरी येऊन समजुतीचं बोलून गेले. तिच्या वडिलांनी त्यांना चहा दिला आणि दार लावून घेतलं. शेवटी मॅडमचा फोन आला तेव्हा प्रज्ञा माझ्या टेबलाशीच होती. चित्रणं विक्रांतच्या एका मित्राला गेली होती. त्याचाही फोन जप्त झाला होता. तिथून पुढे गेल्याचं काही सापडलं नव्हतं.

"एकच?" तिनं विचारलं. पलीकडून उत्तर आलं असावं. तिनं पुन्हा विचारलं, "नक्की एकच?" मग ती माझ्या खुर्चीत बसली, माझ्या बाटलीतलं सगळं पाणी प्याली आणि शिफ्टला निघून गेली. परतताना बसमध्ये तिला सीट मिळाली. डोकं खिडकीला टेकून ती झोपली, तोंड उघडं टाकून, थेट काळेवाडीपर्यंत.

दरम्यान साहेबांची चौकशी चालू होती आणि पोरांनी त्यांचं व्हॉट्सअॅपचं स्टिकर बनवलं होतं. चष्मा नाकावर, डोक्यावर नारळाची शेंडी, खाली 'विश्वास ठेवायला शिका'. 'गुड मॉर्निंग'ला सगळे तेच पाठवत. एक दिवस साहेब काचेच्या अलीकडे आले, लालेलाल. "सावंतबाई, सायबर पोलीस कुठं बसतात हो? हा माझ्या खाजगी आयुष्यावर हल्ला आहे."

मी म्हटलं, "साहेब, समितीपुढे ठेवू या का? कँटीनमध्ये छान सत्कार करू."

"असल्या गोष्टी कंपनीत मिटत नसतात," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी सुट्टीच्या दिवशीही कामावर आले असते. ते खरोखर पोलिसांत गेले. अर्ज त्याच मॅडमच्या हातात पडला. त्यांनी तो वाचला, चेहरा सरळ ठेवला आणि पोच दिली. पोलीस त्यांच्या बाबतीतही नियमानंच वागले.

शेवटी मालक स्वतः आले. कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावलं. टेंबेसाहेबांनी कुटुंबासाठी केलेल्या सेवेबद्दल चार शब्द बोलले. मग खांद्यावर शाल, हातात नारळ, टाळ्या. उद्यापासून साहेब लांबच्या एका गोदामाची जबाबदारी सांभाळणार होते. साहेबांनी सवयीनं फोटोसाठी इकडेतिकडे बघितलं. कुणी हललं नाही. मग मीच पुढे झाले. आडवा धरला. उजवी बाजू घेतली.

ते गेले. नारळ टेबलावरच राहिला. त्यांनाही तो घरी न्यावासा वाटला नसणार. प्रज्ञानं तो उचलला, कँटीनमागच्या धुण्याच्या दगडावर आपटला आणि फोडला. पाणी भांड्यात धरलं, खोबऱ्याचे तुकडे केले आणि लाइनवरच्या सगळ्याजणींना वाटले. एवढ्या वर्षांत सत्काराचा नारळ फुटलेला मी पहिल्यांदाच बघत होते. माझ्या वाटणीचा तुकडा मी तिथंच उभ्यानं खाल्ला. चांगला गोड होता.