चष्मा कुणाकडे द्यायचा

कालिंदी शेवडे हिला चष्म्याशिवाय स्वतःच्या हाताची बोटंही मोजता आली नसती. कलकत्त्यात बागबाजारच्या एका मुलींच्या शाळेत ती शिवण शिकवायची. सुई ओवताना तिचं नाक कापडाला टेकायचं आणि मागच्या बाकावरच्या पोरी हसायच्या. हसोत बापड्या, त्याचं तिला काही नव्हतं. तिची खरी पंचाईत व्हायची ती समुद्रात.

समुद्रात चष्मा लावून जाता येत नाही. पहिल्याच लाटेला तो बंगालच्या उपसागराला अर्पण. म्हणून तो काठावर कुणाकडे तरी द्यायचा. आणि परत येताना त्या माणसानं हाक मारायची, कारण पाण्यातून निघाल्यावर कालिंदीला किनारा म्हणजे एक पिवळट पट्टा आणि त्यावर काळे ठिपके, एवढंच दिसायचं. त्यातला आपला ठिपका कुठला, हे हाकेवरून ओळखायचं.

ही हाक वृंदावहिनी मारायची. कालिंदीचा भाऊ दिगंबर खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये होता. दुर्गापूजेची सुट्टी लागली की सगळं बिऱ्हाड हावड्याहून खरगपूरला आणि तिथून बसनं हाडं खिळखिळी करत दिघ्याला जायचं. सहासष्ट-सदुसष्ट सालचं दिघा म्हणजे सुरूचं बन, टणक ओली वाळू आणि चार खाणावळी. माणसं इतकी थोडी की दुसऱ्या दिवशी कोण कुणाचा मेहुणा हेसुद्धा कळायचं. वहिनी चष्मा पदरात गुंडाळून वाळूत बसायची, आणि कालिंदी ओलीचिंब बाहेर निघाली की ओरडायची, "वन्सं, इकडे! अहो इकडे, त्या गलेलठ्ठ बाबूंकडे कुठे निघालात?"

अडुसष्टच्या शेवटी दिगंबरची बढतीवर मुंबईला बदली झाली. बढती होती, म्हणजे पेढे वाटले पाहिजेत. कालिंदीनं वाटलेही. तिघा बहीणभावंडांतली ती मधली. धाकटा भाऊ लहानपणीच गेलेला, आईवडील पुढेमागे. लग्न जमता जमता राहिलं होतं आणि मग जमवायलाच कुणी उरलं नव्हतं. दिगंबरचं सामान ठेल्यावर चढलं तेव्हा वहिनीच जास्त रडली. ठेला गेला. दोन खोल्यांच्या त्या घरात मराठीत शिंकायलाही दुसरं माणूस राहिलं नाही. डमडमला बँकेतल्या बदलीवाल्यांची चार मराठी घरं होती म्हणा, पण त्यांच्याकडे जाण्यायेण्याइतकी ओळख होईपर्यंत त्यांचीच बदली यायची.

पुढच्या पूजेला ती एकटीच दिघ्याला गेली. शेजारणी म्हणाल्या, एकटी बाई समुद्रावर जाऊन करणार काय? ही गेली, आणि पाण्याच्या कडेला चष्मा हातात धरून उभी राहिली. जवळच एक जाडजूड बंगाली बाई लोकर विणत बसल्या होत्या. त्यांनी हिला बराच वेळ न्याहाळलं आणि हात पुढे केला. "दिन दीदी, आमि देखछि." द्या ताई, मी बघते.

कालिंदी गळ्यापर्यंत पाण्यात गेली. मनसोक्त भिजून परतताना मनात एकच, चष्मा एकवेळ मिळेल, पण हाक येईल का? आली. "दीदी, एइ दिके, एइ दिके!" म्हणजे इकडे, इकडे! कालिंदी त्या आवाजाच्या दिशेनं पळत सुटली. पन्नाशीकडे झुकलेली बाई पळत होती, लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

तेव्हापासून तिथली रीतच तिच्या अंगवळणी पडली. आज तुमचं सामान मी बघते, उद्या माझं तुम्ही बघा. चपला, घड्याळं, अंगठ्या, झोपलेली तान्ही बाळं, सगळं तिच्यापुढे येऊन पडायचं. मराठे म्हटले की बंगाल्यांना दोनशे वर्षांपूर्वीचे लुटारू बर्गी आठवतात, अजून त्यांच्या नावानं पोरं निजवतात. एका वकिलानं आपलं सोन्याचं घड्याळ तिच्या ओंजळीत ठेवताना म्हटलं, "आमच्या आज्याला हे कळलं तर तो चितेवरून उठेल. बर्ग्याच्या हाती घड्याळ!" कालिंदी म्हणाली, "काळजी करू नका, आम्ही आता फक्त शिवण शिकवतो." वर्षातून तेवढे आठ दिवस ती पोट भरून बोलायची.

पण नवी रीत जुनी व्हायला वेळ लागत नाही. कलकत्त्यात एकाहत्तरचे ते नक्षल्यांच्या बाँबगोळ्यांचे दिवस आले, संध्याकाळी दारं लावून बसायचे. ज्याला त्याला शहरातून पळावंसं वाटे, आणि पळून जायचं कुठे, तर दिघ्याला. रस्ता सुधारला, धर्मतल्ल्याहून थेट बस निघाली, शनिवारी ट्रक भरभरून पोरं उतरू लागली. सुरूचं बन तोडून हॉटेलं उठली. वाळूवर भोंगे लागले. आणि जिथे हजार माणसं येतात तिथे दहा चोर यायचेच. आधी चपला गेल्या, मग एक घड्याळ, मग एका नव्या नवरीचा हार, तोही 'जरा बघाल का' म्हणून ज्याच्याकडे दिला तो माणूसच घेऊन पसार. पोलिसांनी पाटी लावली : अनोळखी माणसाकडे सामान देऊ नये.

ज्यांचं कुटुंब मोठं त्यांनी लगेच सोय केली. निम्मे पाण्यात, निम्मे पहाऱ्यावर. चोऱ्यांनी कुणाचं घड्याळ गेलं, कुणाचा हार गेला. जिचं कुणी नव्हतं तिचा समुद्रच गेला. दोन वर्षं कालिंदी चष्मा लावून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि घरी आली.

पंचाहत्तरच्या पूजेला मात्र तिनं ठरवलं, यंदा भिजायचंच. तिनं एका कुटुंबाला विचारलं. गृहस्थ म्हणाले, "ना दीदी, ती जबाबदारी नको." दुसरीकडे बाईनं आपलीच पिशवी जवळ ओढली. रागानं कालिंदीचे कान तापले. अरे, या भिंगांतून तुम्हाला काही दिसणार तरी आहे का? कोण चोरणार हा चष्मा? शेवटी एका नवपरिणीत मुलीनं तो घेतला. तिचा नवरा कपाळाला आठ्या घालून पाहत राहिला.

"मी आले की हाक मारशील ना ग?" कालिंदीनं विचारलं.

"मारीन, माशिमा." मुलगी हसली. दीदीची कधी माशिमा, म्हणजे मावशी झाली, ते कालिंदीला तेव्हाच कळलं.

पाणी पूर्वीसारखंच होतं. पहिली लाट अंगावर आली तशी ती मोठ्यानं हसली, एकटीच. बऱ्याच वेळानं ती बाहेर निघाली आणि थांबली. ठिपके आता उरलेच नव्हते. पट्टाच सगळा काळा झाला होता. कानाला ऐकू येत होते ते भोंगे. ती थोडी डावीकडे गेली, थोडी उजवीकडे. हाक आली नाही. मुलीची साडी लाल होती एवढं आठवत होतं, म्हणून लाल काही दिसलं की ती वाकून बघायची. एक लाल टॉवेल निघाला. एक लाल पिशवी निघाली. त्या पिशवीशी ती पार नाक लावून वाकली होती, तेवढ्यात कुणीतरी तिचं मनगट पकडलं.

"चोर! बाईमाणूस, पण बघा!"

भोवती माणसं जमली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ती बंगालीत सांगू लागली, चष्मा, माझा चष्मा, पण घाबरल्यामुळे मधेच मराठी येऊ लागली, आणि ती परकी भाषा ऐकून लोकांची खात्रीच पटली. कुणीतरी पोलीस बोलावला. मग गर्दीतून ती लाल साडीची मुलगी धावत आली आणि चष्मा तिच्या हातात कोंबला. "माशिमा, यांनी सावलीत जाऊ म्हटलं. मी हाक मारली होती, तुम्हाला ऐकू नाही आली." नवऱ्यानं लांबूनच तिला बोलावलं. ती गेली.

माणसंही पांगली. माफी कुणी मागितली नाही. उरला तो पोलीस, पोरसवदा, घामानं थबथबलेला.

"बरोबर कोण आहे?" त्यानं विचारलं.

चष्मा लावल्यामुळे आता सगळं लख्ख दिसत होतं. लाल पिशवीवाली बाई अजून तिच्याकडेच पाहत होती. आपण एकट्या आहोत हे सांगायची कालिंदीला कधी लाज वाटली नव्हती. या क्षणी वाटली.

"वहिनी आहे," ती म्हणाली. "पाण्यात आहे."

"बोलवा. त्यांच्या ताब्यात देतो आणि जातो. एकट्या बायकांना असं सोडून चालत नाही."

समोर पाण्यात शेकडो डोकी होती आणि तिला प्रत्येक डोकं स्पष्ट दिसत होतं. ती हळूच म्हणाली, "वहिनी."

"अशानं कुणाला ऐकू जाणार? मोठ्यानं."

"वहिनी!"

लांबवर एका बाईनं आपल्याच कुणाला तरी पाहून हात वर केला. पोलिसानं कपाळावरचा घाम पुसला. "त्या ना? येतायत. सांभाळून राहा हं, माशिमा. माणसं चांगली नाहीत इथली," तो म्हणाला आणि सावलीकडे निघून गेला.

पिशवीवालीनंही मान वळवली. आता कुणीच पाहत नव्हतं. जायला हरकत नव्हती. पण कालिंदी तिथेच उभी राहिली, आणि थोड्या वेळानं तिनं पुन्हा हाक मारली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.