दारातली साय

कारखान्यात सगळे त्याला दणका म्हणत. भांडी घासायचा पातळ साबण तिथे बनायचा, आणि दणका मोठ्या हौदावर ढवळायला होता. काम अवघड नव्हतं. साबणाच्या पाण्यात दाट करायची पूड चाळणीतून भुरभुर सोडायची आणि लाकडी वल्हं एका चालीने फिरवत राहायचं. पूड हळू पडली तर हात दुखत नाहीत. दणका चाळणी खुंटीला अडकवून ठेवी आणि पोतं उलटं करी. मग मुठीएवढ्या गाठी होत, आणि त्या फोडता फोडता त्याचे खांदे पिळून निघत. श्रमाला तो कमी नव्हता. श्रम चुकीच्या जागी पडत, एवढंच. मी घाम गाळतो, असं तो ऐटीत सांगे. त्यावर फोरमनचं ठरलेलं उत्तर, की गाळ बाबा, पण हौदाबाहेर गाळ.

घरीही तीच तऱ्हा. ताट वाढून होईपर्यंत याचं अर्धं जेवण झालेलं. शर्टाची बटणं तो काढत नसे, उपटत असे. बायको त्याच्या उलट, संथ. इतकी की तिने दूध तापत ठेवलं तर दूधच कंटाळून उतू जायचं विसरावं. दोघं बाजाराला बरोबर निघत, पण बरोबर पोचल्याचं कुणाला आठवत नाही.

मुलगी आईवर गेली. रसायनशास्त्र शिकली आणि लांबच्या एका शहरात, रंगाच्या कारखान्यात तिला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी ती खोलीत बसून एकेक कपडा घडी करून बॅगेत ठेवत होती. दणका दारात उभा राहून बघत होता. पोटात काहीतरी निराळंच होतं त्याच्या, पण त्याने नेहमीप्रमाणे जे आधी हाताला लागलं ते फेकलं. एवढा वेळ लागतो का बॅग भरायला, म्हणाला. तीही काही बोलली. शब्दाने शब्द वाढला आणि हा बोलून गेला, "जा एकदाची. घर मोकळं होईल."

तिने दार लावून घेतलं.

सकाळी दणक्याला ते शब्द परत घ्यायचे होते. परत कसे घेतात हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने हत्यारांची पेटी काढली. मुलीच्या खोलीचं दार खाली घासत असे. त्याला रंधा मारून द्या, म्हणून ती शाळेत होती तेव्हापासून मागे लागली होती. पण रंधा म्हणजे सावकाशीचं काम. आज त्याने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि अख्खं दारच उचलून बाहेर भिंतीला टेकवलं. मुलगी आत केस विंचरत होती. तिने वर पाहिलं नाही.

मग त्याला चौकटीवरचा मळ दिसला. जिन्याखाली साबणाचा एक डबा होता. ज्या हौदात त्याने एकाऐवजी दोन पोती ओतली होती त्यातला. फोरमनने हौद गटारात सोडायला सांगितला होता, पण फुकटचं टाकायचं कशाला म्हणून दणक्याने डबाभर घरी आणला. त्यात त्याने जुनी चादर बुचकळली, दोन्ही टोकं धरून स्टुलावर चढला, चादर चौकटीच्या वरच्या लाकडावर दाबली आणि एका दमात उंबऱ्यापर्यंत ओढली.

चादर खाली आली. तिच्यामागून साय आली.

दुधावर धरते तशीच, फक्त हिच्यातून पलीकडचं दिसत होतं. मुलगी दिसत होती, बॅग दिसत होती, दोन्ही जरा हिरवी, जरा गुलाबी. हे काय थेर, असं म्हणून दणका खांदा पुढे करून घुसला. साय त्याच्यासकट पलंगापर्यंत ताणली गेली, आणि तिथून तिने त्याला परत पाठवलं. तो चपलांच्या फळीवर येऊन बसला. दारात साय पुन्हा सपाट, जसं काही झालंच नाही. दुसऱ्यांदा तो धावत गेला, धावतच परत आला. तिसऱ्यांदा त्याने स्टूल पुढे धरलं. आधी स्टूल परत आलं, मग तो. पेचकस मारला तर तो सटकन उलटून त्याच्याच हातात बसला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिने काय झालं विचारलंही नाही. आपल्या चालीने गेली. सायीने आधी कप घेतला, मग हात, मग तिला घेतलं, आणि पलीकडे सोडून मागे मिटून गेली. चहावर तरंग नाही. भाचीला निरोप द्यायला आलेली दणक्याची मोठी बहीण गुडघ्यांमुळे काठी टेकत चालायची. तीही काठीसकट आत गेली. तिघी पलंगावर बसून त्याच्याकडे बघू लागल्या.

"बाबा," मुलगी म्हणाली, कालपासून पहिल्यांदाच, "साबणाचे कण खांद्याला खांदा लावून उभे आहेत. त्यांच्यामध्ये तुमच्या पुडीचे लांब धागे एकमेकांत गुंतलेत. धाडकन आलात की त्यांना सुटायला वेळच मिळत नाही, मग ते रबरासारखे धरून ठेवतात. हळू आलात तर सुटत सुटत वाट देतात. मधासारखी."

"आमच्या आईने याला हेच सांगितलं होतं," बहीण म्हणाली. "फक्त तेव्हा साबण नव्हता."

बस दुपारी होती. खिडकीच्या गजांतून थांबा दिसत होता, आणि त्यावर माणसं जमू लागली होती. जे बोलायचं ते बाहेरूनही बोलता आलं असतं. पण लांबून बोलायचं तर ओरडायचं, एवढीच रीत दणक्याला माहीत होती, आणि हे ओरडून सांगण्यातलं नव्हतं.

त्याने उजवा हात पुढे केला. बोटं सायीला लागली आणि थांबली. ढकलायचं नाही. जन्मात एवढं जड काही त्याने उचललं नव्हतं. पोतं उचलताना निदान जोर तरी लावता येतो. इथे लावायचा नाही, हेच काम. पोटऱ्या थरथरू लागल्या. कानामागून घाम निघाला. बऱ्याच वेळाने बोटं पलीकडे गेली, मग मनगट. हात खोलीत पोचला तेव्हा बाकीचा दणका अजून बाहेरच होता. बायकोने त्या हातात रिकामा कप दिला.

"आता तोंड येईल," बहीण म्हणाली. "श्वास घेऊन ठेव रे."

तोंड सायीत गेलं, आणि नेमकं तेव्हाच त्याला राहवलं नाही. त्याने बोलायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. ओठांतून एक बुडबुडा फुगला, सुटला, आणि डुलत डुलत छताच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

"काय म्हणाले गं?" बायकोने विचारलं.

"फुटला की कळेल," मुलगी म्हणाली. ती हसली नाही, पण ओठ दाबून धरले होते तिने.

शेवटी डावी टाच सुटली आणि तो आत उभा राहिला, नखशिखांत बुळबुळीत. तोंड मोकळं होतं. वेळ कमी होता. तरी तो जरा थांबला.

"काल म्हणालो ते खरं नव्हतं."

"मग खरं काय होतं?"

"तू जाऊ नयेस, असं वाटत होतं."

"मी तर जाणारच आहे, बाबा."

"जायलाच हवं. मला वाटतं ते वाटतं, एवढंच."

तिने हातातला कंगवा बॅगेत ठेवला. मग म्हणाली, "हेच काल म्हणाला असतात तर रात्री झोप लागली असती." आणि त्याच्या बुळबुळीत खांद्यावर डोकं टेकलं. खांदा निसटत होता, म्हणून तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला.

थांब्यावर बस लागली. आधी बायको आणि बहीण बाहेर पडल्या, मग मुलगी. राहिली बॅग. बाहेरून मुलीने हळू ओढायची, आतून दणक्याने हळू सरकवायची, असं ठरलं. त्याने गुडघे टेकले आणि दोन्ही तळवे बॅगेला लावले. काम आता त्याच्या अंगवळणी पडलं होतं, शिवाय बॅग गेली की मुलगीही जाणार होती. बॅग इतकी सावकाश निघाली की ती हलते आहे की नाही हे पाहायला बहिणीला चष्मा लावावा लागला. खाली ड्रायव्हरने हॉर्न दिला. पुन्हा दिला.

"अहो," बायको म्हणाली. असं बोलायची वेळ तिच्यावर सगळ्या संसारात आली नव्हती. "जरा उरका ना."

"उरकून चालत नाही," दणका म्हणाला. "उलटून येते."

अखेर बॅगेची मूठ सुटली, चाकंही सुटली. मुलीने बॅग उचलली. जाण्याआधी तिने बाहेरून सायीवर तळवा टेकवला, आणि येते म्हणाली. दणक्याने मान हलवली. जिन्यावर तिची पावलं वाजली, घाईची, बापासारखी.

तळव्याचा ठसा सायीत तसाच होता, पाच बोटांसकट. दणका पलंगाच्या कडेवर बसून तो भरून येताना बघत राहिला. आधी बोटांची टोकं गेली, मग बोटं, शेवटी मधला खोलगटपणा. साय सपाट झाली तेव्हा थांबा रिकामा होता. बायकोने बाहेरून जेवायला हाक मारली. त्याने ओ दिली, उठला, आणि आधी उजवा हात पुढे केला.