खरी अडचण

पदमपुऱ्यात आवडाबाईची ख्याती अशी, की ती अमावास्येला नवी म्हैस दावणीला बांधणारी आणि शनिवारी खुशाल केस धुणारी बाई. मुहूर्ताचं तिला वावडंच होतं. नवरा आप्पासाहेब पाटबंधारे खात्यात चौकीदार, आणि दोन म्हशींचं दूध घालून घरखर्चाला हातभार लावणारी ही. ती एके सकाळी दुधाची किटली घेऊन भानुमती वहिनींच्या दारात आली आणि चक्क विचारू लागली, की पौषात बाळंतिणीला सासरी धाडतात का.

वहिनी म्हणजे कोर्टातल्या कारकुनाची बायको. घरात पंचांग होतं, आणि गल्लीत कुणाच्या घरी काय चाललंय हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. पौषात लेक धाडत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. आवडाबाईचा चेहरा असा खुलला, की वहिनींच्या पोटात कुतूहल वळवळायला लागलं.

आवडाबाईची लेक कौसल्या नववी झाली आणि सोळाव्या वर्षी सिल्लोडला दिली. पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगा झाला, सव्वा महिना झाला, आणि व्याही नानासाहेबांचा निरोप आला, की सुनेला न्यायला येतो. पौष सरला तशी आवडाबाई पुन्हा हजर. आता अमावास्या कधी? पुढच्या खेपेला, बुधवारी लेक कशी धाडायची? मग, तान्ह्या लेकराला तिसऱ्या महिन्यात गाडीरस्त्यानं नेतात का? वहिनींचा जीव टांगणीला लागला. जावई पितो का? सासू छळते का? शेवटी न राहवून त्यांनी आवडाबाईच्या कुंपणावरून डोकावलंच.

कौसल्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून बसली होती. पाय हलत होता आणि तोंडानं भूमितीचं प्रमेय चाललं होतं. ती मार्चात बाहेरून दहावीला बसणार होती.

वहिनींना इतकं बरं वाटलं, की त्या तिथल्या तिथं आवडाबाईला म्हणाल्या, तू म्हणशील ती अडचण मी सांगते, कोण बघायला येतंय? आवडाबाईनं मान हलवली.

"खोटं नगं, वहिनी. सिल्लोडलाबी पंचांग हाय. एकदा खोटं सापडलं, तर पोरीला कायमचं बोलणं. खरी अडचण काढा."

तेव्हापासून दोघी पंचांगावर डोकी जोडून बसू लागल्या. वहिनींना तर त्याची चटकच लागली. दिवसामागून दिवस खऱ्या अडचणी निघत गेल्या आणि फाल्गुन उजाडला.

सोमवारी पहिला पेपर, आणि आदल्या शुक्रवारी नानासाहेब स्वतः जीप घेऊन आले. माणूस शांत, पण कंटाळलेला. दरवेळी नवी अडचण निघते, म्हणाले, आज माझ्यासमोरच पंचांग उघडा. सगळे वहिनींच्या ओसरीवर जमले. कौसल्या लेकराला घेऊन खांबाआड उभी राहिली.

वहिनींनी चष्मा लावला. दिवस लख्ख होता, नाव ठेवायला जागा नाही. खोटं बोलावं असं मनापासून वाटलं, पण आवडाबाई एकटक त्यांच्याकडंच बघत होती.

"दिवस चांगला आहे," वहिनी हळूच म्हणाल्या. "पण सोमवारपासून तुमच्या सुनेची दहावीची परीक्षा आहे. खरी अडचण तेवढीच."

नानासाहेब आधी सुनेकडं बघत राहिले, मग विहिणीकडं. इतकी दिवसं तिथी अन् वार सांगत राहिल्या, म्हणाले, माणसानं माणसाला सांगायचं ते का नाय सांगितलं?

वहिनींनाही तेच विचारायचं होतं. आवडाबाईनं पदर सारखा केला. आवाज चढवला नाही.

"सांगून बघितलं हुतं, इवाई. तुमाला नाय, माज्या सासऱ्याला. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आन् आमच्या गावात शाळा निघाली, तवा म्या सातवीपतुर गेले. हिचा मोठा भाऊ माज्या मांडीवर, आन् परीक्षा आठ दिसांवर. पोर घिऊन बसते, पर बसू द्या म्हणलं. ते म्हणले, न्यायला आजचाच दिवस लई चांगला हाय."

कौसल्यानं हे आजवर कधी ऐकलं नव्हतं. ती आईकडं बघतच राहिली.

नानासाहेब उठले, जीपवाल्याला रिकामीच गाडी घेऊन जा म्हणाले, आणि खांबापाशी जाऊन त्यांनी नातवासाठी हात पुढं केले.

"आन त्याला इकडं," ते सुनेला म्हणाले. "तू अभ्यासाला बस."