योरानच्या आईचा तीनचा फोन

काही ऑफिसांत फायली साठतात, आमच्या आखातातल्या, रास अल खैमाच्या ऑफिसात किस्से साठायचे. पहिला तर मी रुजू झाले त्याच दिवशीचा. दहा वाजता गोरा मॅनेजर स्वतः कॉफी करून माझ्या टेबलावर ठेवून गेला. नंतर माझा कपही विसळला. मला घामच फुटला. काढून टाकायच्या आधी या लोकांत असं करत असतील, दुसरं काय! ड्रायव्हर हुसेनमामा रत्नागिरीचे, तिथे मुरलेले. म्हणाले, "घाबरू नको गं. हे सगळे एकाच गावचे. यांच्यात साहेबच भांडी घासतो."

*

एकाच गावचे हे खरंच होतं. मॅनेजर योरान आणि दोन इंजिनियर, तिघेही स्वीडनच्या उत्तरेकडच्या एका कोमूनचे. कोमून म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखं. फक्त जंगल जिल्हाभर आणि माणसं शारजात अल मजाजला मी दादा-वहिनीकडे राहायचे तिथल्या चार टॉवरांत मावतील एवढी. आमच्या कंपनीची मशिनं त्या जंगलात बनायची आणि इथल्या टाइल्सच्या कारखान्यांत बसायची. मी "सर" म्हटलं की योरान मागे वळून बघायचा, कोण सर आले म्हणून.

*

दुसऱ्या आठवड्यात मी त्याला विचारलं, कोटेशन पाठवू का? त्याने ओठांचा चंबू केला आणि एकदम श्वास आत ओढला. "श्युप्!"

छातीत कळ आली, मला वाटलं. मी पाणी घेऊन धावले, हुसेनमामांना गाडी काढायला लावली. योरानने निमूटपणे सगळं पाणी पिऊन टाकलं आणि मग सांगितलं, की आमच्याकडे "हो" असंच म्हणतात. तोंड उघडलं तर थंडी आत जाते म्हणून, हे हुसेनमामांनी आपल्या पदरचं जोडलं.

*

तीनच्या कॉफीला योरानचा आईला फोन असायचा. इनग्रिड, नव्वदीला टेकलेली, घरात एकटी. नंबर मी फिरवायचा आणि तिने उचलला की फोन त्याच्याकडे द्यायचा. बोलणं दोन वाक्यांचं, बाकी सगळं श्युप्, श्युप्.

त्यांना एकटं ठेवायची भीती नाही वाटत का, मी एकदा विचारलं.

"एकटी कुठे?" योरान म्हणाला. "बर्फ काढणारी गाडी रोज सकाळी जाते. ज्या घराच्या चिमणीतून धूर नाही, तिथे ड्रायव्हर उतरून दार वाजवतो. नियम नाही. पण वाजवतो."

एवढं लांबलचक तो प्रथमच बोलला. घरी जाऊन मी हे वहिनीला असं सांगितलं, जणू माझंच माहेर. वहिनी म्हणाली, "यल्ला, चल मग, तिकडेच जा नांदायला."

*

जानेवारीत योरान मीटिंगला अबुधाबीला गेला, इंजिनियर साइटवर. जाताना म्हणाला, "तीनला आईला फोन कर. नुसतं हॅलो म्हण."

तीनला रिंग वाजतच राहिली. सव्वातीनला परत. साडेतीनला पुन्हा तेच. योरानचा मोबाइल बंद. शेवटी त्याच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर कोमूनच्या ऑफिसचा नंबर सापडला. तिथे पहिल्याच रिंगला कारिन नावाची बाई बोलली. मी कशीबशी "इनग्रिड, योरानची आई" एवढंच म्हटलं. तिने पत्ताही विचारला नाही.

वादळ झालंय, वीज नाही, ती म्हणाली. गाडीचा ड्रायव्हर तापाने झोपलाय, त्यामुळे त्या वस्तीवर आज कोणीच गेलेलं नाही.

"कोमूनचे अध्यक्षच बर्फाची गाडी घेऊन निघालेत. वीस मिनिटांनी पुन्हा फोन कर."

हे ऐकून हुसेनमामा खुर्चीत ताठ बसले. "अध्यक्ष बर्फ काढतोय? आमचा फीत कापायला येतो." मग दोघंही घड्याळाकडे बघत बसलो. कधी न पाहिलेल्या गावाच्या अध्यक्षाला मामा मनातल्या मनात गाडी चालवायला शिकवत असावेत; त्यांचा उजवा पाय सारखा दाबला जात होता.

वीस मिनिटांनी नंबर फिरवला. नऊ रिंगा. दहा. अकराव्या रिंगला कोणीतरी उचलला. मागे मोठ्या गाडीच्या इंजिनाची घरघर. घोकलेलं हॅलो मी विसरले, सरळ मराठीतच विचारलं, "इनग्रिड आजी, बऱ्या आहात ना?"

पलीकडून, अगदी कानाशी, म्हाताऱ्या बाईच्या श्वासात,

"श्युप्."