जळक्या शालीचा रफू

ज्या शालीपायी मी रफू शिकले, ती मीच जाळली होती. आमचे हे फौजेबरोबर उत्तरेत निघाले होते, कारकून म्हणून. सरकारातून मिळालेली त्यांची शाल दमट लागली, म्हणून मी ती शेगडीवर धरली आणि बोलण्याच्या नादात सुपारीएवढं भोक पाडून बसले. "तुझ्या हाती एक वस्तू धड राहील तर शपथ," एवढं म्हणून यांनी घोंगडी खांद्यावर टाकली. मी काही गप्प बसणारी नव्हते. "मग कुडकुडा तिकडे," मी म्हटलं. निरोपाला हे शब्द. माझ्या जिभेला पहिल्यापासून हाड नाही.

बुधवार पेठेत, आमच्या घरामागच्या बोळात, एक म्हातारा रफूगर राहायचा. त्याची नजर गेली होती; काम बायको करायची आणि नाव त्याचं चालायचं. मी तिला चाची म्हणे. शाल तिच्यापुढे ठेवली, तर म्हणाली, "जाळलीस तू आणि सुई मी धरू? बैस."

बसले. आधी लोकरीच्या जुन्या चिंध्या. रफूला बाहेरचा धागा चालत नाही; त्याच कापडाच्या काठातून एकेक उपसायचा आणि उलट्या बाजूने, बारीक सुईने, उभ्या-आडव्या धाग्यांतून विणत न्यायचा. पहिल्याच दिवशी मी सवयीने धाग्याच्या टोकाला गाठ मारली. चाचीने बोट फिरवलं. "चोळी शिवतेस का?" म्हणाली आणि सगळं उसवायला लावलं. रफूत गाठ नसते, ती बोटाला लागते.

चिंध्यांवरच वर्ष गेलं. मग शाल हाती मिळाली, आणि मला खरं सांगायचं तर घाई नव्हती. फौजेतले बरेचजण परतले होते, यांची खबर कोणापाशीच नव्हती. दीर म्हणत, गावी चला. बायका माझ्या कुंकवाकडे बघत आणि बोलायच्या थांबत. एकटीपुरता भात टाकायचा, तोही उरायचा. फार एकटं वाटे. मग मी मनाशी म्हणे, शाल कुठे झालीय अजून? आत्ता आले तर पुन्हा तेच भोक दिसेल. होऊ दे, मग येतील.

एका दुपारी शेवटचा धागा आत गेला. चाचीने शाल म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली. त्याने बोटं फिरवली, पुन्हा फिरवली आणि विचारलं, "भोक होतं कुठे?"

"शिकलीस हो," चाची म्हणाली. तिच्या तोंडून एवढं कधी निघालं नव्हतं.

घरी आले, शालीची घडी केली आणि दाराशी जाऊन बसले. आता यांनी यायला काहीच अडचण नव्हती. दिवेलागण झाली तरी मी बोळाकडे बघत होते. हे येणार नाहीत, हे मला तेव्हा कळलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी मोठ्याने रडले.