कंपनीचं आजचं पान

जहाजं बांधणाऱ्या ज्या ब्रिटिश कंपनीची आठवण तिच्या मालकांच्या पणतवंडांनाही येत नसेल, तिची रोज सकाळी विचारपूस करणारा जगातला एकमेव माणूस टेक्सासात, शुगर लँडला राहतो, आणि तो आमच्या हिच्या मावशीचा नवरा आहे. काकांनी त्या कंपनीत एक दिवसही नोकरी केलेली नाही. त्यांची हयात इथे पाइपलाइनी आखण्यात गेली. पण त्यांचे वडील कोकण किनाऱ्यावरच्या ज्या आगबोटीच्या इंजिनाला तेल घालायचे, ती ह्या कंपनीने स्कॉटलंडात बांधली होती. रिटायर झाल्यावर काकांनी तिथल्या एका म्युझियमकडून कारखान्याची रोजनिशी स्कॅन करून मागवली. शहाण्या माणसाने ती महिन्याभरात संपवली असती. काका रोज एकच पान वाचतात, बरोबर शंभर वर्षांपूर्वीच्या त्याच तारखेचं.

त्यामुळे त्यांच्याकडच्या बातम्या जरा शिळ्या असतात. एका पॉटलकला, म्हणजे ज्याने-त्याने आपापला पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणीतरी सहज विचारलं, "काय काका, काय म्हणताय?" काका सुस्कारा टाकून म्हणाले, "कोळशाचा संप काही मिटत नाही हो. अर्धा कारखाना बसून आहे." शेजारी बसलेल्या, तेल-गॅस कंपन्यांतल्या दोघांनी हातातला पुलाव ठेवून फोनवर शेअरबाजार उघडला. शिकागोजवळ शॉमबर्गला राहणारी त्यांची मुलगी वैतागून म्हणते, "डॅड, जस्ट स्क्रोल डाउन!" त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं, "उद्याचं उद्या. तिथल्या कामगारांना तरी कुठे माहीत होतं?" कंपनी पुढे बुडाली हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. काकांसमोर तो विषय कोणी काढत नाही.

वडिलांच्या बोटीचं काम सुरू झालं त्या दिवशी काकांनी पेढे वाटले होते. मग यंदा रोजनिशीत लिहून आलं, की मोठी भरती बघून दोन आठवड्यांनी बोट पाण्यात सोडायची. नेमकी तीच तारीख काकांच्या हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनची निघाली.

काकांनी सरळ सर्जनला सांगितलं, की त्या दिवशी आमच्या घरची बोट पाण्यात उतरतेय. सर्जन खूश झाला. "काँग्रॅच्युलेशन्स! हाउ लाँग इज शी?"

"टू हंड्रेड फीट," काका म्हणाले. सर्जनने खुर्चीत सावरून बसत एक आठवडा दिला, त्याहून एक दिवसही जास्त नाही, असं बजावून.

मावशी मात्र भडकली. "शंभर वर्षं झाली ती बोट पाण्यात उतरून! तिच्यापायी तुम्हाला काही झालं तर मी काय करू?" काका एवढंच म्हणाले, "तारीख कंपनीने ठरवलीय गं." मावशीने त्या दिवसापासून त्यांच्याशी अबोला धरला, पण रात्री दोनदा उठून त्यांचा श्वास बघायची, हे तिनेच हिला सांगितलं.

त्या सकाळी आम्ही सात-आठ जण त्यांच्या किचनमध्ये जमलो. काकांनी सूट घातला होता. चष्मा पुसून त्यांनी पान वाचलं. बोट सुखरूप नदीत उतरली, पाऊस भुरभुरत होता, कामगारांना अर्धी सुट्टी दिली. बस, एवढंच. आम्ही टाळ्या वाजवल्या, मागच्या अंगणात घामाघूम होत नारळ फोडला, मावशीने अबोल्यातच शिरा वाढला. काका खिडकीबाहेर बघत होते. मग हळूच म्हणाले, "बाबा तिच्यावर चढायला अजून अकरा वर्षं आहेत."

काका ऐंशीला टेकलेत. मावशीने हातातला डाव खाली ठेवला. "मग येत्या गुरुवारी मुकाट्याने ऑपरेशनला चलायचं. अकरा वर्षं काढायचीत ना?"

ऑपरेशन नीट पार पडलं. दोन दिवसांनी मी भेटायला गेलो, तेव्हा नळ्यांच्या जंजाळात काका डोळे मिटून पडले होते, आणि जन्मात त्या रोजनिशीकडे न बघितलेली मावशी आयपॅड नाकाशी धरून, अडखळत, त्यांना आजचं पान वाचून दाखवत होती. बोटीवर धुराडं बसवायचं काम चाललं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मावशी, बसतं का उद्या धुराडं?"

मावशीने आयपॅड मिटला.

"उद्याचं उद्या," ती म्हणाली, आणि काकांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.