एका कप चहाला गेलेला बंब

आमच्या नातेपुत्याच्या घरी गॅसचा गीझर आला आणि तांब्याचा बंब मागच्या ओट्यावर गेला. त्याचा पेंदा गळत होता, हे मला मान्य आहे. पण म्हणून काय झालं? त्याच्या मधल्या नळीत शेणकूट पेटवून, त्या धुरकट वासाच्या कढत पाण्याने मी चाळीसेक हिवाळे अंघोळ केली. नळीत जाळ भरभरू लागला की शाळेत पाठ केलेली एखादी कविता आपोआप चालीवर यायची. गीझर नुसता टिक्‌ करतो. त्याला काय चाल लावणार?

शेवटी सौभाग्यवतींनी निकाल दिला. "सोलापूरच्या मोडबाजारात न्या. दुरुस्त झाला तर ठीक, नाहीतर तिथंच मोडीत घाला. परत गळका घरात यायचा नाही." आणि माझ्यावर भरवसा नसल्यामुळे त्या स्वतःही निघाल्या.

पहाटेची एसटी धरली. माळशिरस, वेळापूर, मोहोळ करत सोलापूरला साडेतीन-चार तास लागतात. खिडकी डाव्या बाजूची धरा, उगवतीला उसाचे तुरे सोन्याचे दिसतात. ज्येष्ठ म्हणून माझं अर्धं तिकीट, महिला म्हणून हिचं अर्धं. कंडक्टर माझ्या मांडीवरच्या पोत्याकडे बघून म्हणाला, "आन् हे कोन?"

"बंब आहे."

"ह्याला सवलत न्हाय."

सामानाचं तिकीट निघालं. सोलापूरपर्यंत बंब माझ्या मांडीवर बसून आला, नातवासारखा. फक्त नातू गळत नाही. म्हणजे आता नाही.

सात रस्त्याला उतरून मोडबाजार विचारला की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. भाडं बसायच्या आधी ठरवा. आणि टोपी न्या. तिथे सावली म्हणजे एक कडुनिंब आणि चार ताडपत्र्या. पण काय दृश्य! कुणी तेलाच्या डब्यांच्या चाळण्या करतोय, कुणी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा कोयता ठोकतोय, कुणी डांबराच्या पिंपाची चूल कापतोय. एका चाळणीवर अजून 'शुद्ध शेंगदाणा' एवढी अक्षरं शाबूत होती. आणि सगळीकडून हातोडे. ठक्‌-ठाक्‌-ठाक्‌, ठक्‌-ठाक्‌-ठाक्‌. मी थबकलो. हे तर भुजंगप्रयात! आमचे गुरुजी टेबलावर डस्टर आपटून शिकवायचे ते. एक लहान, दोन मोठे.

"चला पुढं," ही म्हणाली. "लोक अंगावर येतायत."

तांब्यापितळेचं काम करणारे मैनुद्दीनभाई कडुनिंबाखाली बसतात. त्यांनी बंब उलटा केला, बोटाने टिचकी मारली आणि मान हलवली. "चचा, पेंदा पुरा गया. नवा बसंल की. पर पुढं चार नग हैत. बसा हितंच, नंबर येतंय."

ही शेंगाचटणी आणि कडक भाकरी घ्यायला गेली. जाताना बजावून गेली, "कुठं हलू नका." मी हललो नाही. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

त्याचं असं, की या बाजारात दुकान म्हणजे जमीन. जमिनीवर वस्तू आणि वस्तूशेजारी माणूस बसला, की तो विक्रेता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पांढरा शर्ट, सोन्याची साखळी असा एक गृहस्थ समोर येऊन उकिडवा बसला. "आजोबा, तोटी मूळची का?"

बंबाची कुणी आपुलकीने चौकशी करतंय, हे किती दिवसांनी! मी म्हणालो, "मूळची तर आहेच, पण तिची धार बघायला हवी होती तुम्ही."

"पानी किती मावतंय?"

"दोन माणसं आणि एक पाहुणा."

मग मी सुटलोच. धुराचा वास सांगितला, थंडीतली पहाट सांगितली, पेंदा गळतो हेही अशा करुण स्वरात सांगितलं, की एका बाईने पदर डोळ्यांना लावला. माणसं जमली. तेवढ्यात हातोड्यांच्या ठेक्यावर दोन ओळी जागच्या जागी जुळल्या, त्याही मी मोठ्याने म्हटल्या:

तुझ्या धूरवासात न्हाली पहाट,
तुझ्यासारखा ना कुणाचाच थाट!

"लई भारी!" कुणीतरी ओरडलं. "ह्यो म्हातारा तर गाण्यावर माल इकतोय!"

साखळीवाल्याने चहा मागवला. चहावाल्या मावशीने कप माझ्या हातात दिला. इतका रसिक माणूस चहा पाजतोय, नाही कसं म्हणायचं? प्यालो. आलं झकास होतं.

मैनुद्दीनभाईंचा हातोडा थांबला. "चचा, चाय पिले?"

"हो. का?"

"मग बंब गया की तुमचा."

इथे पावती नाही, कागद नाही. घेणारा चहा मागवतो. विकणारा प्यायला की सौदा पक्का, भाव मागाहून. साखळीवाले मल्लूशेठ पुणे रस्त्यावर हॉटेल काढत होते, गावरान थाटाचं. आमचा बंब दाराशी शोभेला ठेवणार होते. त्यात प्लास्टिकची फुलं! आणि त्यांचा माणूस बंब उचलूही लागला. ज्याला वाचवायला आणला, त्याला मीच आल्याच्या चहात बुडवला.

"शेठ, मी विकत नव्हतो हो. मी नुसता बोलत होतो."

"आसं कुटं आस्तंय का, आजोबा? आर्धा घंटा भाव चढवला की तुमी!"

तेवढ्यात गर्दीतून चटणीची पिशवी आली आणि मागून ही. गोष्ट मैनुद्दीनभाईंनी सांगितली. मला वाटलं, आता ही म्हणणार, बरं झालं, ब्याद गेली.

तिने बंबाच्या कानाला हात घातला. "हा माझ्या रुखवतातला. श्रीपूरहून बैलगाडीत माझ्या शेजारी बसून आला. विकायला मी चहा प्यायले का?"

"आवो, पर ह्यांनी पिला की, अव्वा," मल्लूशेठ म्हणाले.

"मग यांना न्या. दाराशी बसवा. दोन वेळचं जेवण लागतं, आणि कविता ऐकाव्या लागतात. रोज."

मल्लूशेठांनी मला टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. मी उगाच ताठ बसलो. "बेडा अव्वा, बेडा," ते कानडीत हात जोडून म्हणाले, म्हणजे नको गं बाई. "ह्यास्नी फुलं बी लावता येत न्हाईत."

सगळा बाजार हसला. हिने मावशीकडून आपल्या पैशांचा चहा घेतला आणि मल्लूशेठांच्या हातात ठेवला. ते मुकाट प्यायले. सौदा उलटा फिरला.

दुपारी मैनुद्दीनभाईंनी नवा पेंदा बसवला. मजुरी वाजवी, घासाघीस हिने केली. कडुनिंबाखालीच कडक भाकरी, चटणी, दही खाल्लं. तुम्ही गेलात तर जरूर खा, दातांचा अंदाज घेऊन. चहा मात्र स्वतःच्या पैशांनीच प्या.

परतीच्या गाडीत बंब हिच्या मांडीवर होता. मी विचारलं, "मोडीत घालायचा म्हणत होतीस ना?"

"घालायचा तर मी घालीन," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. आलं घातलेला. मी हात लावला नाही.

"घ्या की."

"आधी सौदा कळू दे."

"रोज पहाटे बंब तुम्ही पेटवायचा. राख तुम्ही काढायची. पहिलं पाणी माझं."

मागच्या ओट्यावर बंबाचा नवा पेंदा चकाकत होता. मी कप उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.